जपानच्या बर्फावर उतरण्यापूर्वीं

सोलापूरचा मनुष्य आषाढांत मुंबईस निघाला म्हणजे त्यास एक चमत्कार दरवेळीं पाहावयास मिळतो. दौंड आणि पुणें मागें पडेपर्यंत आकाश नुसतें झांकोळलेलें असतें. लोणावळें सोडून बोरघाटांतील बोगद्यांतून गाडी खालीं उतरूं लागली कीं, दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून पाणी कोसळत असतें. अवघ्या कांहीं मैलांत दोन निरनिराळे देश! समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीवर आपटतो, वर चढतांना थंड होतो, आपलें पाणी तेथेंच ओतून टाकतो आणि पुढें सोलापूरपर्यंत येतो तो जवळजवळ रिकाम्या हातानें. म्हणूनच महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो आणि सोलापूरच्या वाट्यास त्याच्या दशमांशाच्या आसपास येतो.

हा भूगोल ज्याच्या अंगवळणीं पडला आहे, त्यास जपानांतील बर्फ समजण्यास वेळ लागावयाचा नाहीं. अलीकडे महाराष्ट्रांतील शहरगांवच्या कुटुंबांतून, हिंवाळ्यांत जपानला जाऊन बर्फावरून घसरण्याच्या खेळाची, म्हणजे स्कीइंगची, हौस एकदां भागवावी असा विचार ऐकूं येऊं लागला आहे. हौसेला मोल नसतें असें म्हणतात. परंतु मध्यम स्थितीच्या कुटुंबास या हौसेपायीं एकदोन वर्षांची शिल्लक मोडावी लागते. आणि ती शिल्लक सार्थकीं लागणार कीं बर्फांत पुरली जाणार, हें विमानांत बसल्यावर ठरत नाहीं. तें चारसहा महिने आधीं घरच्या दिवाणखान्यांत ठरतें. जपानांत बर्फ कां पडतें हें ज्यानें समजून घेतलें, त्याला कोठें जावें आणि केव्हां जावें हे दोन अवघड प्रश्न निम्म्याहून अधिक सुटलेले आढळतील.

हिंवाळ्यांत सैबेरियाच्या विस्तीर्ण भूमीवर हवा अत्यंत गार व जड होते आणि वायव्येकडून जपानकडे वाहूं लागते. निघतांना ती कोरडी असते. बर्फ पाडण्याजोगें तिच्यापाशीं कांहींच नसतें. पण वाटेंत जपानचा समुद्र लागतो, आणि त्या समुद्रांत दक्षिणेकडून त्सुशिमा नांवाचा उष्ण प्रवाह वाहत असतो. गार हवा या कोमट पाण्यावरून जातांना वाफ उचलते व तिचे ढग बनतात. उपग्रहांवरून घेतलेल्या चित्रांत या ढगांच्या रांगा नांगरलेल्या शेतांतील तासांप्रमाणें समांतर दिसतात. पलीकडील किनाऱ्यामागें दोनतीन हजार मीटर उंचीचे डोंगर उभे आहेत. त्यांवर या रांगा आदळल्या कीं, सह्याद्रीवर जें पाण्याचें होतें तेंच येथें बर्फाचें होतें. आपल्याकडील वारा नैर्ऋत्येचा, तिकडील वायव्येचा. आपला हंगाम जूनचा, त्यांचा डिसेंबरचा. बाकी यंत्रणा एकच. डोंगर ओलांडून पूर्वेस तोकियोकडे पोंचेपर्यंत हवा पुन्हां कोरडी झालेली असते. जानेवारींत तोकियोचें आकाश स्वच्छ निळें असतें आणि दुपारीं पारा दहा अंशांच्या घरांत असतो. बर्फापुरतें बोलावयाचें तर तोकियो हें जपानचें सोलापूरच होय!

अक्षांशांवर भरंवसा ठेवणारा मनुष्य येथें हमखास फसतो. नीगाता हें शहर ग्रीसच्या अथेन्सच्या रेषेंत आहे, आणि साप्पोरो दक्षिण फ्रान्सच्या मार्सेलच्या. तरीहि साप्पोरोसारख्या सुमारें वीस लाख वस्तीच्या शहरांत एका हिंवाळ्यांत पडणाऱ्या बर्फाची बेरीज पांच मीटरांच्या आसपास भरते. जगांत इतक्या मोठ्या वस्तीवर इतकें बर्फ क्वचितच पडत असेल. निसेको येथील डोंगरावर तर ही बेरीज दहा मीटरांच्याहि वर जाते.

बोरघाटाचा अनुभव जपानांत घ्यावयाचा असल्यास तोकियोहून एचिगो-युझावा या स्थानकास जाणाऱ्या शिन्कान्सेन गाडींत बसावें. सव्वा ते दीड तासांचा प्रवास आहे. अलीकडे कोरडीं शेतें व ऊन. मग बावीस किलोमीटरांचा दाइशिमिझु बोगदा. आणि पलीकडे छपरांवर पुरुषभर बर्फ. या बोगद्याच्या आधींचा, १९३१ सालीं खुला झालेला जुना शिमिझु बोगदा जपानी वाङ्मयांत प्रसिद्ध आहे. कारण यासुनारी कावाबाता याची ‘युकिगुनि’, म्हणजे ‘हिमदेश’, ही कादंबरी याच युझावाच्या परिसरांत घडते. कावाबातास १९६८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा खेळ मात्र जपानचा मूळचा नव्हे. १९०२ च्या जानेवारींत हाक्कोदा पर्वतावर कवाइतीस निघालेल्या २१० सैनिकांपैकीं १९९ जण हिमवादळांत गारठून मेले, तेव्हां बर्फांत चालण्याच्या विद्येची उणीव जपानी सैन्यास फार जाणवली. पुढें १२ जानेवारी १९११ रोजीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यांतील मेजर थिओडोर फॉन लेर्ख यानें नीगाता प्रांतांतील ताकादा येथें जपानी अधिकाऱ्यांस स्कीचे पहिले धडे दिले. त्या वेळीं दोन काठ्यांऐवजीं एकच लांब बांबू हातीं धरीत. १९७२ सालीं साप्पोरोस आणि १९९८ सालीं नागानोस हिंवाळी ऑलिंपिक सामने भरले. नागानोच्या सामन्यांत शिव केशवन हा अवघ्या सोळा वर्षांचा भारतीय मुलगा बर्फावरील घसरगाडींतून उतरला होता. त्याच दशकाच्या आरंभीं जपानी लोकांत या खेळाचें वेड शिगेस पोंचलें होतें. आज खेळणारांची संख्या त्याच्या निम्म्याहूनहि कमी झाली आहे. पुष्कळ टेकड्या ओस पडल्या, आणि ज्या तगल्या त्यांपैकीं कांहीं परदेशी पाहुण्यांच्या पैशावर तगल्या. ही गोष्ट प्रवाशानें ध्यानांत ठेवावी. कारण कोणतें स्थळ महाग व कोणतें स्वस्त याची किल्ली तिच्यांतच आहे.

आतां काळाचा प्रश्न. आपल्या घरांतील प्रवासाचे बेत दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीशीं बांधलेले असतात, आणि या दोन्ही सुट्या बर्फाच्या दृष्टीनें जवळजवळ फुकट आहेत. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा नेम नसतो. डिसेंबरच्या २९ तारखेपासून जानेवारीच्या ३ तारखेपर्यंत जपान्यांची नववर्षाची सुटी असते. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहींत, आणि मिळाल्या तर दुप्पट भाड्यानें. वाऱ्याचा जोर खरा असतो तो जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. सोलापूरकरांस येथें एक घरगुती अडचण आहे. संक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या व होमाच्या दिवशीं घर सोडून परदेशीं जाण्यास कोणतीहि आजी संमति देणार नाहीं, आणि देऊंहि नये. पण गड्ड्याची गर्दी ओसरूं लागल्यावर निघाल्यास काळ उत्तम साधतो. मात्र चिनी नववर्ष कोणत्या तारखेस आहे तें पंचांगांत पाहावें. तें २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान केव्हांहि येतें, आणि त्या आठवड्यांत जपानांतील मोठीं बर्फस्थळें भरून वाहतात. यात्रा आणि चिनी नववर्ष यांच्यामधील फट ज्या वर्षीं मोठी असेल तें वर्ष या प्रवासास चांगलें समजावें.

ज्या घरांत दहावी-बारावीचें मूल आहे त्यांस हा काळ वर्ज्यच होय. त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. नागानो प्रांतांत शिगा कोगेन नांवाचें पठार आहे. तेथील उतार तेराशें मीटरांपासून तेवीसशें मीटरांपर्यंत चढत जातात, आणि उंचीमुळें तेथें मार्चअखेर, किंबहुना एप्रिलमध्येंहि, बर्फ टिकतें. परीक्षेचा शेवटचा पेपर झाल्यावर निघालें तरी बर्फ मिळतें, आणि परततांना तोकियोस चेरीच्या फुलांचा बहर साधण्याचा संभव असतो. ताजें, पिठासारखें भुसभुशीत बर्फ मार्चअखेरीस मिळणार नाहीं हें खरें. परंतु त्या प्रसिद्ध भुसभुशीत बर्फाचें नवशिक्यास काय करावयाचें आहे? गुडघाभर पिठांत फळ्या रुततात, पडलेल्यास उठतां येत नाहीं, आणि पायांतून निसटलेली फळी शोधण्यांत अर्धा तास जातो. शिकणाऱ्यास यंत्रानें दाबून सारखा केलेला उतारच बरा. जाहिरातींतील चित्रें पटाईतांसाठीं असतात.

शिवाय निसर्गहि करार पाळतोच असें नाहीं. २०१९-२० चा हिंवाळा जपानांत तोंवरच्या नोंदींतील सर्वांत उबदार ठरला, आणि पुष्कळ ठिकाणीं बर्फाचा दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय हें सोलापूर जिल्ह्यास सांगावयास नको. असा धोका टाळावयाचा असल्यास स्थळ एक तर उत्तरेकडील निवडावें, नाहीं तर उंचावरील.

स्थळांपैकीं होक्कायदो बेटावरील निसेको सर्वांत गाजलेलें आहे. तेथें ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग येथील पाहुण्यांची दाटी असते, इंग्रजीवर सर्व व्यवहार भागतो, आणि किंमती त्याच मानानें चढलेल्या आहेत. पाळण्यांतून वर जाण्याचें एका दिवसाचें तिकीट दहा हजार येनच्या घरांत जातें. अप्रसिद्ध टेकड्यांवर त्याच्या निम्म्यांत भागतें. नागानो प्रांतांतील हाकुबा हें असेंच गजबजलेलें, पण दऱ्याडोंगरांच्या शोभेनें अधिक देखणें. नोझावा ओन्सेन हें त्याच प्रांतांतील जुनें गांव आहे. तेथें गरम पाण्याचीं सार्वजनिक स्नानगृहें गल्लोगल्लीं असून १५ जानेवारीस अग्नीचा मोठा उत्सव होतो. आणि युझावाजवळ गाला नांवाची टेकडी अशी आहे कीं, हिंवाळ्यांत शिन्कान्सेनचें स्थानकच तिच्या पायथ्याच्या इमारतींत आहे. गाडींतून उतरावें, कपडे-बूट भाड्यानें घ्यावे, पाळण्यांत बसावें आणि सायंकाळीं तोकियोस परतावें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. पांच माणसांच्या कुटुंबांत खेळणारीं बहुधा दोनच निघतात. उरलेल्यांस बर्फ पाहावयाचें, हातांत घ्यावयाचें आणि छायाचित्र काढावयाचें असतें. अशा कुटुंबानें निसेकोस आठ दिवस मुक्काम ठोकणें म्हणजे तिघांस खोलींत कोंडून ठेवणें होय. त्यांनीं गालाचा एक दिवस करावा, किंवा नागानो शहरांत राहून तेथून स्की, झेंकोजी मंदिर आणि जिगोकुदानी येथें गरम पाण्याच्या कुंडांत बसणारीं माकडें असा क्रम लावावा. निसेको ज्यास खेळच खेळावयाचा आहे त्याच्यासाठीं.

आणि ज्यास खेळ खेळावयाचा आहे त्यानें तो आधीं घराजवळ शिकावा. काश्मिरांत गुलमर्ग येथें भारत सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण शिकविणारी संस्था आहे. गढवालांतील औलीच्या उतारावरहि वर्ग चालतात. आठदहा दिवस तेथें घालविल्यास दोन गोष्टी कळतात: शरीरास हा खेळ मानवतो कीं नाहीं, आणि मनास आवडतो कीं नाहीं. पुष्कळांस तो आवडत नाहीं! हें जपानला जाण्याआधीं कळलेलें बरें. पहिल्या दिवशीं शिकवितात तें वेगानें जाणें नव्हे. थांबणें आणि पडणें. फळ्यांचीं पुढचीं टोकें जवळ व मागचीं लांब ठेवून त्रिकोण केला कीं, कडा बर्फांत रुततात व वेग मरतो. पडावयाचें तें बाजूस, हात आंखडून. इतक्या दोन गोष्टी हाडांत मुरल्यावांचून पाळण्यांत बसून वर जाऊं नये. वर नेणें यंत्राचें काम आहे, खालीं येणें ज्याचें त्याचें. ज्यांस गुलमर्ग साधत नाहीं त्यांनीं निदान जपानांतील पहिले दोन दिवस शिक्षकाचे म्हणून आधींच ठरवून ठेवावे. इंग्रजी बोलणारे शिक्षक थोडे असतात व लवकर संपतात.

शरीराची तयारी याहूनहि सोपी, म्हणूनच ती कोणी करीत नाहीं. या खेळांत सारा भार मांड्यांवर येतो. दिवसभर अर्धवट बसलेल्या स्थितींत राहावें लागतें. आपल्या तालमींतील जोर-बैठकांपैकीं बैठका या कामासाठींच निघाल्या असाव्या असें वाटावें! निघण्यापूर्वीं दीड-दोन महिने रोज सकाळीं बैठका काढाव्या, आरंभ वीसांनीं करावा, आणि ज्यास गुडघ्याचें दुखणें आहे त्यानें आधीं डॉक्टरांस विचारावें. पन्नाशीपुढील माणसानें ही गोष्ट हंसण्यावारी नेऊं नये. सपाट सोलापुरांत फिरण्याचा व्यायाम या कामीं फारसा उपयोगी नाहीं; जिना चढावा-उतरावा.

कपड्यांविषयीं सोलापुरांत बोलणें थोडें धाडसाचें आहे, कारण या गांवाची कीर्तिच सुतावर उभी आहे. तथापि बर्फांत सुती कपडा वैरी होय. सूत घाम पिऊन घेतें आणि धरून ठेवतें. थांबल्याबरोबर तो ओलावा गार होतो आणि अंगांतील ऊब शोषूं लागतो. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, मध्यें उबेचा, आणि वर वारा व पाणी अडविणारा, असे तीन थर घालावे. मोजे लोकरीचे व एकच जोडी. दोन जोड्या घातल्यानें पाय आवळला जाऊन उलट गारठतो. वरचा पोशाख, फळ्या, बूट, शिरस्त्राण हें सर्व तेथें भाड्यानें मिळतें. एका प्रवासासाठीं विकत घेणें उधळपट्टी आहे. काळा चष्मा, हातमोजे व मोजे तेवढे आपले असावे.

भाड्याच्या दुकानांत पायाचें माप सेंटिमीटरांत मागतात, तें घरींच पट्टीनें घेऊन ठेवावें. ते वजन, उंची आणि कौशल्याची पायरीहि विचारतात. हा प्रश्न शिष्टाचाराचा नव्हे. बूट आणि फळी यांना जोडणारी पकड मनुष्य पडतांच सुटावी लागते, आणि ती किती घट्ट ठेवावयाची तें या उत्तरांवरून ठरतें. नवशिक्यानें पटाईत असल्याचा आव आणला तर पकड घट्ट बसवितात. पडल्यावर ती सुटत नाहीं, आणि लांब फळी पाय पिळून काढते. गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. तेव्हां वजन खरें सांगावें, आणि विद्या कमीच सांगावी.

कागदपत्रांचें काम तितकें अवघड राहिलेलें नाहीं. पारपत्रासाठीं सोलापुरांतच टपाल कचेरींत सेवा-केंद्र आहे. जपानचा व्हिसा मात्र भारतीयांस घ्यावाच लागतो. १ एप्रिल २०२४ पासून अल्पकाळच्या प्रवाशांस तो कागदी चिकटपट्टीऐवजीं विजाणु-स्वरूपांत देण्यास आरंभ झाला. अर्ज अधिकृत अर्जकेंद्रामार्फत करावयाचा, आणि त्यासोबत मुक्कामाचा दिवसवार तपशील, बँकेचें खातें व प्राप्तिकराचीं विवरणपत्रें द्यावयाचीं. या नव्या व्हिसांत एक मेख आहे. विमानतळावर तो मोबाइलच्या पडद्यावर, इंटरनेट चालू असतांना दाखवावा लागतो. कागदावर छापून नेलेली प्रत चालत नाहीं. तेव्हां त्या घटकेस प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें जीव असेल अशी तजवीज ठेवावी. औषधांविषयीं जपानचे कायदे कडक आहेत. सर्दीच्या कांहीं गोळ्यांत असणारें स्यूडोएफेड्रीन आणि खोकल्याच्या औषधांतील कोडीन यांवर तेथें निर्बंध आहेत. आपल्याकडे सर्रास मिळणारी गोळी तेथें गुन्ह्याचा विषय होऊं शकते. नेहमीचीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह व मूळ वेष्टनांतच न्यावीं.

सोलापूरहून मुंबईस रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस किंवा २०२३ च्या फेब्रुवारींत सुरू झालेली वंदे भारत, पुढें विमान, तोकियोस पोंचल्यावर नागानोकडे शिन्कान्सेन, आणि साप्पोरोकडे पुन्हां विमान, कारण वेगवान रेल्वे होक्कायदोंत २०१६ पासून हाकोदातेच्या जवळपर्यंतच गेली आहे. दारापासून बर्फापर्यंत दोन दिवस धरावे. घड्याळ साडेतीन तास पुढें जातें तें निराळें. म्हणून तेथील मुक्काम सात दिवसांहून कमी असूं नये. पूर्वीं सर्व परदेशी प्रवासी रेल्वेचा सरसकट पास घेत. २०२३ च्या ऑक्टोबरांत सात दिवसांच्या पासाची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली, तेव्हांपासून एकाच प्रांतीं जाणारास तो परवडत नाहीं. सुटीं तिकिटें घ्यावीं. जड पेट्या ओढीत बर्फांत चालूं नये. विमानतळावरूनच त्या पुढील मुक्कामीं पोंचत्या करण्याची ‘ताक्क्यूबिन’ नांवाची सोय जपानांत १९७६ पासून आहे, आणि ती बहुधा दुसऱ्या दिवशीं दार ठोठावते.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी घरांस खरोखरच कठीण आहे. नुसत्या भाज्यांचें दिसणारें सार किंवा शेवयांचा रस्साहि बहुधा सुक्या माशाच्या काढ्यावर केलेला असतो, आणि वाढणारास त्यांत मासा आहे असें वाटतच नाहीं. तोकियोच्या एदोगावा भागांत, निशि-कासाइच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ सालीं त्याच भागाच्या स्थानिक सभेवर निवडून आले होते. तेथें डाळ-तांदूळ-पीठ मिळतें. डोंगरांत मात्र स्वयंपाकघर असलेली खोली पाहावी. मांसाचे पदार्थ, ताजीं फळें व भाज्या नेण्यास बंदी आहे. पण सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांना वितळण्याचें किंवा नासण्याचें भय नाहीं, आणि बर्फांतून परतलेल्या भुकेस त्यांची चव काय लागते तें गेलेल्यांनींच सांगावें. सार्वजनिक गरम स्नानगृहांत विवस्त्र जावें लागतें, आधीं बाहेर अंग धुवावें लागतें, आणि स्त्री-पुरुषांचीं कुंडें वेगळीं असतात. हें आधीं ठाऊक असल्यास दारांतून परत फिरण्याचा प्रसंग येत नाहीं.

शेवटीं धोक्याविषयीं. आंखलेल्या उतारावर पडणारा बहुधा मोडक्या मनगटावर सुटतो. जीव जातात ते दोरीच्या पलीकडे. ताजें बर्फ जुन्या थरावर नीट बसलेलें नसतें. एका माणसाच्या भारानें अख्खा थर सुटून खालीं येतो. झाडांच्या बुंध्याभोंवतीं बर्फाखालीं पोकळ खड्डे असतात, त्यांत डोकें खालीं करून पडलेला मनुष्य स्वतः बाहेर येऊं शकत नाहीं. २९ जानेवारी २०२३ रोजीं नागानो प्रांतांत अमेरिकेचा काइल स्मेन हिमलोटाखालीं सांपडून मरण पावला. तो या खेळाच्या एका प्रकारांतील २०१५ चा विश्वविजेता होता. दोरीपलीकडे विश्वविजेत्याची विद्या पुरी पडली नाहीं, तेथें चार दिवसांच्या शिष्यानें पाऊल टाकण्याचें कांहींच प्रयोजन नाहीं. निसेकोस हद्दीबाहेर जाण्याचीं फाटकें ठरलेलीं असतात व हवा पाहून तीं बंद करतात. हद्दीबाहेर शोध घ्यावा लागल्यास त्याचा खर्च शोधल्या जाणाऱ्याच्या माथीं मारतात. मुलांस हें घरींच समजावून सांगावें. दोरीखालून जाणाऱ्या दुसऱ्या पोरांच्या पाठोपाठ आपलेंहि पोर जातें, आणि तिकडे ओरडून सांगावयास वेळ नसतो.

प्रवासाचा विमा घेतला म्हणजे झालें असें मानूं नये. पुष्कळ साध्या विमापत्रांत हिंवाळी खेळ वगळलेले असतात. ते जादा हप्ता भरून समाविष्ट करून घ्यावे लागतात, आणि तसें केलें तरी हद्दीबाहेरील अपघात सुटलेला असतो. विमापत्राचें बारीक अक्षरांतील पान सर्वांआधीं वाचावें. जपानांत रुग्णवाहिका ११९ या क्रमांकावर येते व तिचें मोल पडत नाहीं, परंतु इस्पितळाचें पुरें बिल परदेशी माणसास स्वतः द्यावें लागतें. अपघात झालाच तर टेकडीवरील रक्षकदलाचा दाखला, डॉक्टरांचें प्रमाणपत्र आणि पावत्या तेथून निघण्यापूर्वींच, शक्य तर इंग्रजींत, मागून घ्याव्या. विमा-कंपनीच्या मुंबईच्या कचेरींत जपानी लिपि वाचणारा कारकून बसलेला नसतो.